नोंद क्रमांक १९१

सांगलीत कॉलेज कॉर्नरच्या मागच्या गल्लीत, सायकल दुरुस्तीच्या दुकानावर, अंजनाताई बनसोड्यांचं टायपिंगचं दुकान होतं. दुकान कसलं, दहा बाय दहाची खोली. एक मराठी मशीन, एक इंग्रजी, कार्बनच्या डब्या आणि भिंतीला टेकवून ठेवलेले प्रबंधांचे ढीग. ताई बारावी पास. पण त्या काळात अख्ख्या सांगलीत त्यांच्याइतकी विद्वान बाई दुसरी नव्हती, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. द्राक्षावरच्या डावणी रोगावर तिघांचे, पोटगीच्या कायद्यावर दोघांचे, मधुमेहावर एका डॉक्टरांचा, आणि साहित्यावर किती याची तर मोजदादच नाही, एवढे प्रबंध त्यांच्या बोटांखालून गेले होते. आम्ही आपापल्या विषयापुरते शहाणे, ताईंना सगळंच यायचं. जिन्यात भेटलेल्या बागायतदाराला त्या फवारणीची वेळ सांगत. नवऱ्यानं टाकलेल्या शेजारणीला कुठल्या कोर्टात कसला अर्ज करायचा ते सांगत. आणि मला माझ्याच गाईडच्या खोडी सांगत. "आप्पासाहेब सरांना लांब वाक्य चालत न्हाईत. तोडा हे."

मी हंबीरराव. नाव सरसेनापतीचं आणि नोकरी तात्पुरत्या अधिव्याख्यात्याची. घर पलूसला, घरचा ऊस, थोरला भाऊ फौजेत. घरात शिकलेला मी एकटा, त्यामुळे शहाणपणाचा मक्ता आपोआप माझ्याकडे. विषय समाजशास्त्र, आणि प्रबंधाचं नाव 'चुलीचा धूर व ग्रामीण स्त्रियांचे श्वसनविकार'. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या दोनशे बायकांना भेटायचं, मतदार यादीतलं दर पाचवं नाव घ्यायचं, घरी जाऊन प्रश्न विचारायचे, असा सगळा बेत. आमचे साताऱ्याचे गाईड आप्पासाहेब भारी चिकट. नुसते तक्ते त्यांना चालायचे नाहीत. प्रत्येक बाईची चार-पाच ओळींची नोंद परिशिष्टात पाहिजे, नावगावासकट. आजकाल संशोधनात नावं गुप्त ठेवतात. आम्ही तेव्हा अभिमानानं छापायचो.

एकोणीसशे त्र्याण्णवचं साल होतं. एकतीस डिसेंबरच्या आत प्रबंध दाखल करील त्याला ती नवी नेट परीक्षा द्यावी लागणार नाही, असं आमच्यात बोललं जात होतं. झालं, जो तो पळत सुटला. आठ-आठ वर्षं झोपलेले संशोधक खडबडून जागे झाले. दिवाळीनंतर ताईंच्या जिन्यावर रोज चार-पाच जण हस्तलिखितं पोटाशी धरून बसलेले असायचे. विज्ञानवाला कायदेवाल्याला भडंग देतोय, साहित्यवाला डॉक्टरांना आपली प्रस्तावना ऐकवतोय, आणि वरून मशीनचा खडखडाट. एवढी विद्वत्ता एका जिन्यावर मी पुन्हा कधी पाहिली नाही. फार छान दिवस होते ते. आता त्यात माझी लाज मिसळलेली आहे, तरी छानच होते.

लाज कसली, ते सांगतो. माझ्या एकशे अठ्ठ्याहत्तर बायका भेटून झाल्या होत्या. बावीस राहिल्या. त्या म्हसवडच्या पुढं पाच-सहा किलोमीटरवर एका वस्तीत होत्या. एसटी बदलत जायचं, पुढं पायपीट. आज जाऊ, उद्या जाऊ करत वर्ष गेलं. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत घरी पलूसला, सोप्यात बसून, पुढ्यात चिवडा घेऊन मी त्या बावीस नोंदी स्वतःच लिहिल्या. नावं यादीत होतीच. पावणेदोनशे बायकांनंतर पुढची काय बोलणार हे मला पाठ झालं होतं. शिवाय 'धूर असूनही त्रास नाही' हा माझा रकाना फार रिकामा दिसत होता. म्हणून नऊ बायकांना मी एका दुपारीत ठणठणीत करून टाकलं. डॉक्टरांनाही जमणार नाही असं काम.

डिसेंबरच्या अठरा तारखेला मी परिशिष्टाची पानं न्यायला दुकानात गेलो. जिना चढताना मशीनचा आवाज नव्हता. ताई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. मशीनला अर्धवट कागद तसाच होता.

"सर, ही एकशे एक्क्याण्णव नंबरची बाई. शालूबाई गणपत सरतापे. हिला भेटला तुमी?"

"भेटलो की."

"घरी गेला हुता?"

"म्हणजे काय! चहा पाजला त्यांनी. गुळाचा." एकदा खोटं बोलायला लागलं की माणसाला हुरूप येतो.

"तब्येत कशी हाय तिची?"

"एकदम खणखणीत. लिहिलंय की खाली."

ताईंनी कागदावरचं वाचलं. मोठ्यानं नाही, जसं टाइप करताना पुटपुटत तसं. "वय अठ्ठावन्न. चूल घरात. दम लागतो का, नाही. रात्री खोकला, नाही. झोप, सलग. इतर तक्रार, काही नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ती माझी आई, सर. जाऊन चार वर्सं झाली. दम्यानं गेली. शेवटची दोन वर्सं आडवी झाली न्हाई ती, भिताडाला टेकून बसून झोपायची."

ताई म्हसवडकडच्या, हे मी कधी विचारलंच नव्हतं. राजरत्न बनसोड्यांची बायको, एसटीतल्या कारकुनाची, एवढंच मला माहीत. आणि मयत माणसाचं नाव यादीतून कमी करायला आपल्याकडे कुणाला घाई असते? अशा वेळी माफी मागावी की नाही? मी काय म्हणालो असेन!

"ताई, चुकलं. हे नाव काढू. खालचं दुसरं घालू."

"आन बाकीच्या एकवीस?"

मी टेबलावरची पानं उगाच सारखी करायला लागलो.

"एवढ्या वस्त्या फिरलात. मग आमच्याच वस्तीवर कसं ऊन लागलं तुमाला?"

याचं उत्तर मला येत होतं, आणि त्यात ऊन नव्हतं. बाकीच्या गावांत सरपंच, पाटील, कुणी ना कुणी ओळखीचं होतं. इथं सगळी बौद्ध वस्ती. तिथं गेल्यावर कुणाच्या घरात बसायचं, दिलेलं पाणी प्यायचं की नाही, असल्या हिशेबात मी लहानाचा मोठा झालो होतो. वर्गात समता शिकवत होतो आणि मनात हे घेऊन हिंडत होतो. आणि तोंडानं मात्र चहा पिऊन आलो होतो, गुळाचा. त्या दिवशी त्या खोलीत मला माझीच शिसारी आली.

ताई म्हणाल्या, "हे मी टाइप करणार न्हाई. दुसऱ्याकडनं करून घ्यायचं आसंल तर पानं घेऊन जावा. खरं लिवून आणलंत तर मी हाय."

दुसरीकडे जाता आलं असतं. तेरा दिवस होते. कुणाला काही कळलं नसतं, नोकरी पक्की झाली असती. जिन्यात येऊन मी त्यावर चांगला अर्धा तास विचार केला, हेही लपवत नाही. मग वर गेलो आणि विचारलं, "वस्तीवर यायला गाडी कुठली?"

"उद्या रविवार हाय. मीच येते," ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही म्हसवडला उतरलो आणि चालत वस्तीवर गेलो. बघतो तर निम्म्याहून जास्त दारांना कुलपं. एका ओट्यावर तात्याबा नावाचे म्हातारे बसले होते, ताईंचे चुलते. त्यांनी आधी पुतणीची विचारपूस केली, मग माझं काम ऐकून घेतलं आणि हसायला लागले.

"आवं सर, बाया हितं कुठल्या आता? समदी कोयता घेऊन ऊसतोडीला गेलीत. दसरा झाला की जात्यात, ते पार उन्हाळ्यात माघारी."

"कुठं गेल्यात?"

"तिकडं पलूसकडं. क्यानॉलच्या कडंला, वडाच्या झाडाखाली खोपी हायत बगा."

कॅनॉलकडेचा तो वड आमच्या रानापासून हाकेच्या अंतरावर होता. त्या खोपींवरून मी रोज लुना घेऊन कॉलेजची एसटी धरायला जात होतो. दिवाळीत सोप्यात बसून ज्या बायकांची उत्तरं मी मनानं रचत होतो, त्या तेव्हा आमच्या घरापासून अर्ध्या मैलावर ऊस तोडत होत्या. त्यातला थोडा आमचाच असेल.

ताईंनी मला पाणी आणून दिलं. मी प्यायलो.

पुढचे आठ दिवस दुपारनंतर मी खोपींत बसलो. बायका तीन-चारला रानातून यायच्या, दारातच तीन दगडांवर पाचटाचा जाळ करायच्या. पहिल्याच दिवशी पाव तासात माझे डोळे वाहायला लागले. तीन वर्षं धुरावर लिहीत होतो. नीलिमा नावाची एक बाई हसून म्हणाली, "सर, जरा अलीकडं सरा, तुमाला सवं न्हाई." बावीसपैकी पाच जणी वारल्या होत्या, त्यांच्या जागी यादीतली पुढची नावं घेतली. या नव्या बावीस नोंदींतल्या सोळा जणींना दम लागत होता. माझ्या नऊ ठणठणीत बायकांपैकी खरोखर ठणठणीत निघाल्या दोन.

तक्ते बदलले, टक्केवारी बदलली, निष्कर्षाचं अख्खं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं. आप्पासाहेबांना जाऊन सगळं कबूल केलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "आधीच जायला काय झालं होतं?" एवढंच विचारलं, आणि ते उत्तराला थांबले नाहीत. एकतीस डिसेंबर उलटून गेला. प्रबंध दाखल झाला वीस जानेवारीला. नेटला मी दोनदा आपटलो, तिसऱ्यांदा निघालो. तोवर तीन वर्षं नोकरी टांगणीला लागलेली. घरी काय ऐकून घेतलं ते विचारू नका. ऋणनिर्देशात ताईंचं नाव मी गाईडच्याही आधी घातलं होतं. टाइप करताना त्यांनी ते गुपचूप शेवटी नेलं, 'सुबक टंकलेखनाबद्दल' म्हणून, सगळ्यांचं असतं तिथं.

जुनी बावीस पानं तेवढी मी परत मागितली होती, जाळून टाकायला. "मी फाडते," असं त्या म्हणाल्या आणि विषय संपला.

नव्व्याण्णवला ताईंनी दुकान बंद केलं. गल्लीच्या तोंडाशी कॉम्प्युटर आले होते, प्रबंध तिकडं जायला लागले होते. मी निरोप घ्यायला गेलो, तर त्या टेबलाचा खण रिकामा करत बसल्या होत्या. आम्ही जिन्यावरच्या सगळ्यांची आठवण काढली. डावणीवाला आता द्राक्षं निर्यात करतो, कायदेवाला न्यायाधीश झाला, साहित्यवाला अजून प्रस्तावना ऐकवतो. खूप हसलो. मग खणाच्या तळाशी कागदाची एक घडी निघाली. माझ्याच हातानं लिहिलेलं पान होतं, निळ्या शाईचं, कडा मऊ पडलेल्या. मला वरचा आकडा दिसला. एकशे एक्क्याण्णव.

"ताई, हे फाडणार होता ना तुम्ही?"

"एकवीस फाडली."

त्यांनी तो कागद टेबलावर ठेवून हातानं सरळ केला. 'दम लागतो का, नाही. रात्री खोकला, नाही. झोप, सलग.' माझ्या त्या खोटेपणाकडे मला बघवेना.

"ह्यातलं एक अक्षर खरं न्हाई, मला ठावं हाय," ताई म्हणाल्या. "पर आईचा फोटू न्हाई, सर. दवाखान्याचे कागद हायत, त्यात ती नुसती खोकतीया. एवढ्या एकाच कागदावर ती झोपलीया."

त्यांनी घडी घातली आणि कागद पर्समध्ये ठेवला.