केलं की झालं?

आमच्या बँडमध्ये एकमेकांना विचारायचा एक प्रश्न ठरलेला आहे: केलं की झालं? प्रश्न मूळचा आत्याचा. ती एका नृत्यशाळेत पियानो वाजवत असे आणि रिकाम्या तासांना तिथेच आम्हा दोघा भावांना शिकवत असे. बोट भलत्याच पट्टीवर पडले तर ती रागावत नसे, हात थांबवून विचारी, "केलंस की झालं?" 'झालं' म्हणण्यात कमीपणा नव्हता. मात्र जे झालं ते लगेच पुन्हा करून दाखवावे लागे. दुसऱ्यांदा जमले तर ते आपले. नाही तर सोडून द्यायचे. दादाचे निम्मे जॅझ या एका नियमातून निघाले असे मी म्हणतो, आणि सिद्धही करू शकतो, कारण त्याच्या सत्तेचाळीस रचनांतली प्रत्येक ओळ माझ्या हातून कागदावर उतरली आहे. तो वाजवतो, मी लिहितो. वाजवताना तो कागद कधी समोर ठेवत नाही. "माझी आठवण धाकट्याच्या कपाटात असते," असे तो सांगतो आणि लोक हसतात.

उरलेले निम्मे वडिलांच्या दुकानातून आले. ते घड्याळजी होते. भिंतीवर दुरुस्तीला आलेली वीस-बावीस घड्याळे आणि प्रत्येकाची टिकटिक निराळी. दादा त्यांच्याखाली अभ्यासाला बसे आणि अभ्यासाऐवजी डाव्या हाताने एका घड्याळाची, उजव्या हाताने दुसऱ्याची लय बाकावर धरी. त्याचा डावा हात अजूनही उजव्याच्या किंचित मागून चालतो. या मागे राहण्यावर ज्या समीक्षकांनी पानेच्या पाने खर्ची घातली, त्यांना मी दुकानाची हकिकत पत्राने कळवली होती. एकाचेही उत्तर आले नाही.

वडिलांच्या अखेरच्या दिवसांविषयी मात्र आम्ही कोणालाच काही कळवले नाही. सत्तरीत ते एका घड्याळाचे चाक दुसऱ्यात बसवू लागले. घड्याळ चाले, पण वेळ भलतीच दाखवी. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आले की बाबा शांतपणे म्हणत, "घड्याळ बरोबर आहे. तुम्हीच उशिरा आलात." पुढे ते आम्हालाही ओळखेनासे झाले.

दादा आता बहात्तर वर्षांचा आहे, मी एकोणसत्तर.

दोन महिन्यांपूर्वी नव्या ध्वनिमुद्रणाची तारीख ठरली, तेव्हा मी अकरा रचनांच्या स्वच्छ प्रती केल्या. जुने कागद पिवळे पडून घड्यांवर फाटू लागले होते. त्या अकरांत 'घड्याळजी' ही दादाने वडिलांवर केलेली चाल होती. मैफलीत ती नेहमी वाजे, पण ध्वनिमुद्रित कधी झाली नव्हती. दादा ते दर वेळी टाळत असे, आणि का ते मी विचारले नाही. तालीम त्याच्या पुढच्या खोलीत, सकाळी अकराला होती. दादा पियानोवर, उभ्या बासच्या जाड तारांवर लंबू, आणि खिडकीपाशी कागद घेऊन मी. लंबू एकवीस वर्षे आमच्याबरोबर आहे. उंचीमुळे त्याचे खरे नाव केव्हाच मागे पडले.

चालीच्या मधल्या भागाला आम्ही पूल म्हणतो. दादा पुलावर आला आणि माझे बोट कागदावर थांबले. तो वाजवत होता ते निराळेच होते. फिरवून, सजवून वाजवलेले मी ओळखतो. पण ही पहिलीच फेरी होती, आणि ती लिहिल्याबरहुकूम वाजवायची असते.

"थांब," मी म्हणालो. "केलंस की झालं?"

"काय ते?"

"हा 'घड्याळजी'चा पूल नाही."

"मग कुणाचा आहे? शेजाऱ्यांचा?"

मी कागद पुढे धरला. त्याने चष्मा लावला, वाचले, आणि त्याच्या चेहऱ्यावरचे हसू तसेच अर्धवट राहिले.

"भाऊ, एक मिनिट," लंबू म्हणाला. "मला तर दादांनी वाजवलं तेच माहितीये. मी त्याच्याखाली कायम तेच वाजवत आलोय."

"तू वाचून शिकलास?"

"मला कुठे वाचता येतं? ऐकून शिकलो."

"कुणाचं ऐकून? याचंच. आरोपीने पढवलेला साक्षीदार कुठल्या न्यायालयात चालतो?"

"तुम्ही वकीलच व्हायला हवं होतं. पण वादात हरलो म्हणजे माझा कान चुकला, असं होत नाही."

"मग काय होतं?"

"मी गप्प बसलो, एवढंच होतं," असे म्हणून तो तारा जुळवू लागला.

वाद मी जिंकला होता. लंबू गेल्यावर दादा बराच वेळ कागद हातात धरून बसला.

"कुठेतरी ऐकल्यासारखा वाटतो," तो म्हणाला. "पण माझा वाटत नाही. वाचतोय तर दुसऱ्याच कुणाचं पत्र उघडल्यासारखं होतंय." मग, आवाज खाली आणून, "बाबांचं पहिलं चाक चुकलं तेव्हा त्यांना कळलं असेल का रे?"

"लगेच कशाला बाबांवर जातोस?"

"तू लिहिलंयस म्हणजे मीच केला असणार. मला आठवत नाही, इतकंच."

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी तो वाजवी आणि मी कागदावर ताडून पाही. पहिले दोन दिवस त्याची बोटे आपल्या जुन्या वाटेनेच गेली, मी थांबवले. तिसऱ्या दिवशी पूल जवळ येताच हात कचरू लागले. आठवड्याने ते इतर रचनांतही कचरू लागले. तो मला भलभलते विचारू लागला: दार लावलं का मी? सकाळची गोळी घेतली का? हे तुला काल सांगितलं का? डॉक्टरांचे नाव काढले की म्हणे, "मुद्रण होऊ दे. मग कुठे न्यायचं तिथे ने. त्यानंतर मी वाजवणार नाही. लोकांसमोर चाकं चुकवत बसायची नाहीत मला." मी त्याची समजूत घालत असे, आणि घरी परतताना मनात हिशेब मांडत असे की त्याच्यात उतरलेले माझ्यात उतरायला तीन वर्षे उरली.

मुद्रणाच्या दिवशी आयुष्यात प्रथमच दादाने कागद पुढे ठेवला. पूल त्याने अचूक वाजवला. शाळेत उभे करून कविता म्हणायला लावलेल्या मुलासारखा, एकही शब्द न गाळता आणि एकही शब्द आपला न मानता. डावा हात मागे राहिला नाही. दोन्ही हात बरोबर पडले. लंबूने ती आठ आवर्तने हात बासवरून काढून घेतले. काचेपलीकडचा तंत्रज्ञ म्हणाला, "छान आलंय." दादाने झाकण लावले आणि कोणाकडेही न पाहता म्हणाला, "चला. संपलं."

काल सकाळी प्रती कपाटात ठेवताना मी जुने कागद बांधायला घेतले. इतक्या दिवसांत ते का उघडले नव्हते, याचे उत्तर सोपे आहे. नवी प्रत मी त्यांच्यावरूनच केली होती. जुने पाहणे म्हणजे स्वतःवर संशय घेणे, आणि त्याची मला गरज वाटली नव्हती. 'घड्याळजी'च्या जुन्या पानावर, माझ्याच अक्षरात, दादाने त्या पहिल्या सकाळी वाजवलेला पूल होता. स्वरास स्वर.

माझ्या मनात आलेला पहिला विचार इथे नोंदवणे भाग आहे. मला वाटले, जुना कागदच चुकला असणार. मी पेन्सिल उचललीही होती. मग बाबांचा आवाज ऐकू आला, घड्याळ बरोबर आहे, आणि मी पेन्सिल खाली ठेवली.

माझ्या प्रतीतला पूल खालच्याच कागदावर सापडला. तो 'जिना'चा होता. तीस वर्षांपूर्वी दादाने ती रचना अर्ध्यावर टाकली होती आणि कधी कोणाला ऐकवली नव्हती. एका चालीचे चाक मी दुसरीत बसवले होते. बाकीच्या प्रती ताडून पाहिल्या. अकरांपैकी आणखी तीन प्रतींत तसेच होते. अक्षर माझे, नीट, एकही खाडाखोड नाही. ती चाके बसवताना काय वाटले, कोणत्या दिवशी बसवली, यातले मला काहीही आठवले नाही.

दादाचे घर दोन गल्ल्या पलीकडे आहे. कोपऱ्यावर मी थांबलो. रस्ता आठवत होता. पण तो खरोखरच आठवतो आहे ना, हे तपासून घ्यावेसे वाटले.

दादा बंद पियानोपुढे बसला होता. मी झाकणावर दोन कागद ठेवले, एक जुना, एक माझा. त्याने वाचले. आधी त्याचे खांदे सैल झाले, श्वास सुटला, आणि महिनाभरात न दिसलेला माझा भाऊ मला दिसला. मग त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले. जे त्याच्या चेहऱ्यावरून उतरले होते ते कुठे गेले हे त्याला कळले होते.

"केलंस," त्याने अगदी हळू विचारले, "की झालं?"

'केलं' म्हणण्याची मला सोय होती. हेवा होता, साठ वर्षांचा राग होता, असे काहीही सांगता आले असते. तो गुन्हा ठरला असता, पण शाबूत डोक्याच्या माणसाचा गुन्हा. तेच ऐकायला मिळावे असे दादाला वाटत होते. त्याच्या डोळ्यांत मला दिसत होते.

"झालं," मी म्हणालो.

झाकण उघडून दादाने 'घड्याळजी'चा पूल एकदाच, सावकाश वाजवला. डावा हात मागे राहिला, जसा राहायला हवा तसा. मग माझे दोन्ही कागद उलटे करून ठेवले, कोरा कागद पुढे सरकवला आणि त्यावर पेन्सिल ठेवली.

"लिही," तो म्हणाला.

पहिला स्वर मी लिहिला. दुसऱ्यासाठी वर पाहिले. दादा माझ्या तोंडाकडे पाहत नव्हता; तो माझ्या हाताकडे पाहत होता.