शिकवणीच्या गाडीचा पाचवा गिअर

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. पण माझी कीव करायला आला असाल तर आधीच सांगते, दुसरं दार बघा. माझा बंपर तारेने बांधलेला आहे, एका दाराचा रंग बाकीच्या अंगाशी जुळत नाही, आणि थंडीत दोनदा खोकल्याशिवाय मी सुरू होत नाही. तरी मी भंगारात गेलेली नाही. का गेले नाही, तेवढं ऐका.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या जोडीच्या गाड्या कुणी डॉक्टरांकडे गेल्या, कुणी लांबच्या प्रवासाला. मी गेले ड्रायव्हिंग स्कूलमध्ये. माझ्या छपरावर पाटी चढली, मागच्या काचेवर तांबडा एल चिकटला आणि चालकाशेजारच्या सीटपुढे आणखी एक ब्रेक बसवला गेला. तो ब्रेक बाईंचा. बाई म्हणजे आमच्या शिक्षिका. नवरा वारल्यावर त्या आणि त्यांचे दीर मिळून स्कूल चालवत होते. दीर ऑफिसात आणि बाई माझ्यात. शिकणारा गोंधळला की बाईंचा पाय खाली जायचा आणि मी जागच्या जागी उभी राहायचे. लोक त्यांना ब्रेकबाईच म्हणत.

शिकणाऱ्यांनी माझे काय हाल केले ते विचारू नका. कुणी क्लच जाळला, कुणी गिअर खरवडले, एका गृहस्थांनी तर मला परक्याच्या फाटकातच घातलं. मी हूं की चूं केलं नाही. लायसन्स मिळालं की लोक माझ्या बॉनेटवर हात फिरवून जात, तेवढ्याने मी खूश होते. एकच गोष्ट आत सलायची. मला पाचवा गिअर आहे, हे मला नुसतं ऐकून माहीत होतं. बाजारपेठ, शाळेसमोरचा रस्ता, चढावरचा सिग्नल. तिसऱ्याच्या पुढे मला कधी कुणी नेलंच नाही.

पुढे नव्या गाड्या आल्या आणि माझी रवानगी शेडमागे झाली. टायरांभोवती गवत वाढलं. एक दिवस दीर बाईंना म्हणाले, "वहिनी, सोमवारी भंगारवाला येतोय हिला न्यायला. आणि तुम्हीही आता दगदग पुरे करा. ऑफिसात बसा, फोन घ्या."

"मला विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय? तुमच्या भल्याचंच सांगतोय."

रविवारी सकाळी बाईंनी माझी बॅटरी बदलली, तेल पाणी बघितलं, टायरात हवा भरली आणि आपल्या थोरल्या बहिणीला शेजारी बसवलं. शहराबाहेरच्या रेस ट्रॅकवर त्या दिवशी हौशी लोकांना आपापली गाडी पळवायची मुभा होती.

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? या वयात ही कसली थेरं?" ताई पाण्याची बाटली छातीशी घट्ट धरून म्हणाल्या.

"जन्मभर दुसऱ्यांना चालवायला शिकवलं गं, ताई. मी कधी चालवली?"

"रोज तर गाडीत असतेस!"

"असते. शेजारी."

ट्रॅकवर जमिनीला टेकलेल्या, रुंद टायरांच्या गाड्या गुरगुरत उभ्या होत्या. एका लाल गाडीचा मालक मला बघून मित्राला म्हणाला, "पार्किंग शिकायला आल्यात वाटतं!" माझ्या रेडिएटरमधलं पाणी तिथेच उकळलं.

नवख्यांबरोबर आधी ट्रॅकचा प्रशिक्षक बसायचा, असा तिथला नियम. उंच, हसरा माणूस होता. हेल्मेटचा पट्टा आवळून देत तो म्हणाला, "मावशी, आरामात चालवा. मजा म्हणून."

"मजा म्हणूनच आलेय. आराम घरी करीन."

त्याने मनापासून शिकवलं. ब्रेक सरळ रस्त्यावरच मारून घ्यायचा, मग वळायचं, आणि नजर गाडीच्या नाकावर न ठेवता वळणातून जिथे बाहेर पडायचं तिकडे ठेवायची. पहिल्या फेरीत बाई सगळीकडे लवकर ब्रेक मारत होत्या आणि सगळे आम्हाला मागे टाकत होते. दुसऱ्या फेरीत त्यांनी जरा उशिरा ब्रेक मारला. तिसऱ्या फेरीत आणखी उशिरा. आम्ही वळणात शिरलो आणि प्रशिक्षकाचं धाबं दणाणलं. त्याच्या पायाखाली दुसरा ब्रेक होता. त्याने तो जिवाच्या आकांताने दाबला.

भर वळणात असा ब्रेक लागल्यावर माझं मागचं अंग सुटलं. आभाळ, कुंपण, आभाळ, कुंपण असं गरगर फिरून मी वाळूत जाऊन रुतले. बंपर निखळला. सगळं एकदम शांत झालं.

"सॉरी, मावशी," तो पांढराफटक पडून म्हणाला. "पाय आपोआप गेला."

बाईंनी त्या ब्रेककडे बघितलं. मग म्हणाल्या, "आधी पाय वर घ्या. आणि हा ब्रेक मला आत्ता काढून हवाय."

मला ओढून बाहेर आणल्यावर ट्रॅकचे व्यवस्थापक आले. "आज इथेच थांबा, मॅडम. उगाच जिवाशी खेळ नको."

"चूक गाडीची होती?" बाईंनी विचारलं. "की माझी?"

व्यवस्थापकांनी प्रशिक्षकाकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली, पण खरं तेच बोलला. "माझी होती, साहेब. त्यांनी वळण बरोबर धरलं होतं."

"मग मला कशाला बाहेर बसवता?"

व्यवस्थापकांनी मेकॅनिकला बोलावलं. त्याने दुसरा ब्रेक उतरवला, पुढचं मागचं सगळं तपासलं, बंपर तारेने आवळला. बाई एकट्या आत बसल्या. त्यांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. माझं इंजिन काही धड ठोक्यात नव्हतं.

मग तो लांबलचक सरळ रस्ता आला. तिसरा. चौथा. आणि बाईंनी दांडा पुढे ढकलला, पाचवा! मित्रांनो, काय सांगू! माझा प्रत्येक बोल्ट थरारला. वारा काचांना धडका देत होता, रस्ता माझ्या पोटाखालून नदीसारखा वाहत होता. वळणाआधी बाईंनी ब्रेक मारला, माझं नाक झुकलं. त्यांनी पाय उचलला, मी वळले, टायर किंचाळले पण सुटले नाहीत. हेल्मेटच्या आत बाई ओरडत होत्या. भीतीने नाही. पुढच्या वळणाआधी ती लाल गाडी बिचकली, आणि तिच्या मालकाला हात बाहेर काढून आम्हाला वाट द्यावी लागली. प्रेक्षकांत ताई बाकावर चढून उभ्या होत्या आणि बाटलीतलं पाणी सगळ्यांच्या अंगावर उडवत होत्या.

सोमवारी भंगारवाला साखळी घेऊन आला. बाई माझ्यापुढे उभ्या राहिल्या.

"गाडी माझ्या नावावर आहे, भाऊजी. ही कुठेही जाणार नाही. आणि मीही ऑफिसात बसणार नाही."

"मग फोन कोण घेणार?"

"तुम्हीच घ्या. तुमचा आवाज गोड आहे."

दीर महिनाभर फुगून बसले होते. बसू देत. ट्रॅकवर हौशी लोकांचा दिवस असला की आम्ही दोघी तिथे असतोच. दाराचा जुना रंग एका कुंपणाने नेला आणि नवा जुळला नाही, त्याचं मला काडीचंही दुःख नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं तुम्हाला सांगतात. माझ्यावर ती मेहेरबानी करू नका. मला कापडाखाली झाकू नका, शोभेला अंगणात उभी करू नका. झिजायचंच आहे, तर मी पळून झिजेन. तुम्ही कुंपणापलीकडे उभे राहा, आणि काळजी घ्यायचीच असेल तर आपल्या डोळ्यांची घ्या. मी वळणावरून येतेय, धूळ उडणार आहे.