तिसरा पोचा

मित्रांनो, मी एक जुनी हातोडी आहे आणि आज मी रागात आहे. गोड बोलायचे माझ्या मनात नाही, हे आधीच सांगते.

लोहाराने मला घडवले तेव्हा माझे तोंड घासून घासून गुळगुळीत केले. गाडीच्या पत्र्याला पडलेला पोचा आतून ठोकून सपाट करायचा, हे माझे काम. माझ्या तोंडावर एक ओरखडा असला तरी तो पत्र्यावर उमटतो. म्हणून डेंटिंगवाल्या मिस्त्रींनी मला तीस वर्षे जपले. दांडा चार वेळा बदलला, पण मला कधी जमिनीवर टाकले नाही. त्यांचा हात फिरला की गाडीला मार कुठे लागला होता, हे मालकालाही सापडत नसे. लोक तोंड भरून कौतुक करत आणि मी फुशारून जाई.

सुट्ट्यांचे दिवस आले की गॅरेजसमोर रांग लागे. प्रत्येकाचे रडगाणे एकच. खांब मध्ये आला, कठडा मध्ये आला. खांब काय चालत येतात? पोचा पाहून मिस्त्रींना सगळे कळे. पण ते कुणाला विचारत नसत, हसून कामाला लागत.

मग त्यांचे जावईच येऊ लागले. गेल्या वर्षीच्या सुट्टीत पहिला पोचा, डाव्या मडगार्डला. तोंडाला दारूचा वास. मुलीला कळले तर संसारात वादळ उठेल, म्हणून मिस्त्रींनी शटर अर्धे ओढले आणि दिवस मावळायच्या आत पत्रा सरळ केला. चार महिन्यांनी दुसरा पोचा, दिव्याशेजारी. त्याला कुणाच्या तरी सायकलचा निळा रंग लागला होता. मिस्त्रींनी तो थिनरने पुसून काढला. सायकल कुणाची, हे विचारायला हवे होते. विचारले नाही. मी ठोकत राहिले.

यंदा सुट्टीच्या पहिल्याच दिवशी, भर दुपारी, जावई तिसरा पोचा घेऊन आले. ऑफिसातली पार्टी आटोपून आले होते. बायकोला आणि चार वर्षांच्या लेकीला घेऊन त्यांना चार वाजता सहलीला निघायचे होते.

"दोनच घेतलेत, बाबा. खांब होता. जरा हात चालवा."

मिस्त्रींनी बॉनेट उघडले, मला उचलले आणि थांबले. खांबाचा पोचा उभा, खोल असतो. हा पसरट होता, माणसाच्या कमरेला लागेल असा. जाळीत झाडूच्या दोन काड्या अडकल्या होत्या.

"जावईबापू, खांब झाडू मारत होता का?"

जावयांनी मान खाली घातली. मिस्त्रींनी मला ठेवून दिले आणि लेकीला फोन केला. नातीला शेजारी सोपवून ती लगबगीने आली. मिस्त्रींनी तिचा हात धरून त्या गुळगुळीत मडगार्डवर ठेवला.

"इथे एक." मग दिव्याशेजारी. "इथे दुसरा. दोन्ही मीच बुजवले. तुला कळू नये म्हणून."

तिने नवऱ्याकडे पाहिलेही नाही.

"हा पिऊन होता, बाबा. तुम्ही तर शुद्धीत होतात ना."

मिस्त्रींनी चपला पायांत सरकवल्या.

गाडी तशीच ठेवून तिघे पायी पोलीस चौकीत गेले. तिथे कळले, रस्ता झाडणाऱ्या एक मावशी तासाभरापूर्वी इस्पितळात दाखल झाल्या होत्या. खुबा मोडला होता. त्या वाचल्या, पण आता त्यांना काठीशिवाय दोन पावलेही चालवत नाही. सायकलवाल्याचा पत्ता तर अजून लागलेला नाही. पहिला पोचा आम्ही होता तसा ठेवला असता तर मावशी आज धडधाकट असत्या आणि त्या सायकलला धक्काही लागला नसता. त्या दिवसापासून मला कौतुक नकोसे झाले आहे.

मित्रांनो, सुट्टीत घरातले कुणी प्यायले आणि त्याचा हात गाडीच्या किल्लीकडे गेला, तर लाजू नका. पाहुण्यांदेखत बोला. गाडीत पाऊल टाकू नका. दारातच फतकल मारा, भोकाड पसरा. तमाशा होतो तर होऊ द्या. आणि शेजारी उभे असलेले कुणी म्हणाले, 'जाऊ दे रे, वर्षातून एकदा तर सुट्टी येते', तर त्यांच्यावरही रागवा. त्यांच्यावर जरा जास्तच रागवा.