सतराव्या अंकातली खोट

टाचणीनं तिसऱ्यांदा हात धुतले. एकदा धुऊनही भागलं असतं, पण तळव्यांना घाम सुटत होता, आणि आजच्या दिवशी घामट हातांनी काही बिघडवून घ्यायची तिची तयारी नव्हती. बेसिनवर साबणाची झिजलेली वडी होती, बाजूला खिळ्याला टॉवेल, आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी: 'हात धुवा. कोरडे करा. मगच आत या.'

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी दहाला, जुन्या चित्रकथा जमवणाऱ्यांचं मंडळ भरायचं. दारात निवृत्त पोस्टमास्तर उभे असायचे आणि हात तपासल्याशिवाय कुणाला खुर्ची देत नसत.

"पालथे कर."

तिनं पालथे केले.

"नखं?"

"कापलीत. हवी तर पायाचीही दाखवते."

"जिभेचीही काप थोडी," पोस्टमास्तर म्हणाले आणि बाजूला झाले.

टाचणी हे तिचं खरं नाव नव्हतं. खरं नाव शाळेच्या हजेरीपटात होतं आणि तिथंच राहायचं. अंगानं काडी आणि बोलणं टोचरं, त्यात आई कपडे शिवणारी; मग दुसरं काय नाव पडणार? पंधरावं संपत आलेलं होतं. चार महिन्यांपूर्वी चित्रकलेच्या सरांचा वशिला लावून ती मंडळात शिरली होती, आणि चार महिने बिळाशी बसलेल्या मांजरीसारखी गप्प बसून होती. गप्प बसणं हा तिचा स्वभाव नव्हता. त्यामुळे ते चार महिने तिला चार वर्षांसारखे गेले होते.

मंडळाचा एक नियम होता. ज्याला जे नवीन सापडलं असेल ते त्यानं टेबलावर ठेवायचं. अंक हातोहात सगळ्यांकडे फिरायचा आणि ज्याच्या हातात जाईल त्यानं त्यातली एक खोट सांगायची. गंजलेली पिन, दुमडलेला कोपरा, काहीही. कुणालाच खोट सापडली नाही तर मालकानं टेबलावरची पितळी घंटा वाजवायची, आणि फळ्यावर त्या अंकाचं नाव चढायचं. इतक्या वर्षांत फळ्यावर पाच नावं होती. त्यांतली चार वकीलसाहेबांची.

पहिला अंक दातांच्या डॉक्टरीणबाईंचा. त्यांना तो आपल्याच दवाखान्यात, पेशंटसाठी ठेवलेल्या मासिकांच्या तळाशी सापडला होता.

"पंचवीस वर्षं लोक दाढ धरून यावर बसले असतील," पोस्टमास्तर म्हणाले. "चहाचा डाग."

"चहा नाही तो, माउथवॉश आहे," बाई म्हणाल्या. "चहाचा डाग पिवळा पडतो. दात असो की कागद."

मग टाचणीचा. शाळेच्या अडगळीतून काढलेला, शेवटचं पान नसलेला, कव्हरला उंदरानं कुरतडलेला. सगळ्यांनी आनंदानं खोटी काढल्या.

"अगं, यात खोट शोधायची की खोटीत अंक शोधायचा?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि टाचणीसुद्धा हसली. तिचं लक्ष मात्र टेबलाच्या टोकाकडे होतं.

वकीलसाहेबांनी कोटाची बाही सारखी केली. रविवारीही ते कोटात येत. कोट त्यांच्या अंगावर असा सरळ बसायचा की जणू तो घालूनच ते जन्माला आले होते. त्यांनी चामडी बॅगेतून बटरपेपरची घडी काढली, ती पाकळी-पाकळीनं उलगडली.

"लाल घुबड," ते म्हणाले. "अंक सतरावा."

सरांच्या तोंडून "अहाहा" निघून गेलं. सतरावा कुणी पाहिलाच नव्हता. त्या महिन्यात छापखान्यात पाणी शिरलं होतं म्हणे, आणि बाजारात जेमतेम शे-दोनशे अंक आले होते.

"मिळाला कुठं?"

"रद्दीत. दैव लागतं," वकीलसाहेब म्हणाले. "आणि बघा, पेन्सिलीची एक रेघ नाही. नाव नाही, कोडं सोडवलेलं नाही. कुठल्या पोराच्या हाताला लागलेलाच नाही हा."

टाचणीनं टेबलाखाली मुठी आवळल्या. आला. अखेर आलाच. चोरीची असली तरी वस्तू दाखवल्याशिवाय जमवणाऱ्याला अन्न गोड लागत नाही, हा हिशेब तिनं चार महिन्यांपूर्वीच मांडला होता.

तो अंक तिच्या आईचा होता.

लाल घुबडाचे सगळे त्रेचाळीस अंक आईनं लहानपणापासून पत्र्याच्या पेटीत जपले होते. वकीलसाहेब पंधरा वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. बोलता बोलता पेटीचा विषय निघाला, आणि ते "जरा चाळून देतो, ताई" म्हणून पेटी घेऊन गेले. महिन्यानं परत आणली. आत बेचाळीस.

"सतरावा नाही यात," आई म्हणाली होती.

"नव्हताच, ताई."

"होता हो. मी स्वतः—"

"आठवून बघा नीट." दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. त्यांच्याकडे बघून वकीलसाहेब हसले, समजूतदारपणे, लहान मुलाची समजूत काढावी तसे. "वय झालं की असं होतं."

गिऱ्हाइकंही हसली. आईही हसली. टाचणी काजं करत कोपऱ्यात बसली होती. तिनं ते हसू बघितलं.

दुसऱ्या दिवशी मशीनवर एक वही आली. गल्लीतल्या दीडशे माणसांची मापं जिच्या डोक्यात होती, एका नजरेत पोराची वाढलेली उंची जी ओळखायची, ती बाई वहीत लिहायला लागली. लिहिलेलं पुन्हा तपासायला लागली. कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत गेलं की परत येऊन कुलूप ओढून बघायला लागली. टाचणी मोजत होती. काल तीनदा.

अंक फिरला. डॉक्टरीणबाईंनी तोंडात बघायचा छोटा आरसा काढून पिनांची आतली बाजू तपासली. "काही नाही. ठणठणीत." पोस्टमास्तरांनी भिंग लावलं, कव्हर हुंगलं, मान हलवली. सरांनी रंगांवर नजर फिरवली आणि नुसता उसासा टाकला. वकीलसाहेबांचा हात घंटेकडे गेला.

"थांबा," टाचणी म्हणाली. "माझी राहिलीय."

"हो हो, आमच्या धाकट्या सभासद," वकीलसाहेब म्हणाले. "बघा बाळ, बघा."

तिनं अंक घेतला. मधलं पान उघडलं. लाल घुबड पंखांचा झगा पसरून उभं होतं, आणि त्याच्या उजवीकडे तळहाताएवढा पांढरा समास होता. कोरा. जरा जास्तच कोरा. बाकीचं पान पिवळसर पडलं होतं, तेवढाच तुकडा धुतल्यासारखा.

गेल्या बुधवारी आई इस्त्री करत असताना तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, "आई, त्या घुबडाच्या पानावर तू काय लिहिलं होतंस गं?"

आईचा हात थांबलाही नव्हता. "झग्याचं माप. मला शिवायचा होता ना तसला. उंची बत्तीस, खांदा बारा, घेर साठ. माया अर्धा इंच." शिवणीसाठी सोडायचं जादा कापड, नऊ वर्षांची असतानाही ती ते विसरली नव्हती. मग इस्त्री उभी करून ती म्हणाली, "असं वाटतं बाई. कोण जाणे."

त्या 'कोण जाणे'साठी टाचणी आज तिसऱ्यांदा हात धुऊन आली होती.

"खोट आहे," ती म्हणाली. आवाज अगदी स्वच्छ निघाला. "या समासात लिहिलंय. उंची बत्तीस, खांदा बारा, घेर साठ, माया अर्धा इंच."

वकीलसाहेब हसले. तेच हसू. "समास कोरा आहे, बाळ. चष्मा लागला की काय?"

"सर, तुमची पेन्सिल द्या. मऊवाली."

त्या खोलीत पेन्सिल मागणं म्हणजे फटाक्यांच्या गोदामात काडेपेटी मागणं. पोस्टमास्तर खुर्चीतून अर्धे उठले.

"सर, देऊ नका!" वकीलसाहेब म्हणाले. "पोरखेळ आहे का हा?"

"कोरा आहे ना? मग काय, खोडून टाका पुन्हा," टाचणी म्हणाली. "तुम्हाला सवय आहे."

सरांनी तिच्याकडे बघितलं, मग वकीलसाहेबांकडे. वकीलसाहेबांच्या कपाळावर एवढ्यात घाम कुठून आला, हे ते पाहत असावेत. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, टोक बोटावर तपासलं आणि मागची बाजू पुढे करून तिला दिली.

तिनं पेन्सिल आडवी धरली. कापडावर खुणा करणाऱ्या माणसाच्या घरातलं पोर. आईचा हात तेव्हाही जड होता. रबर काळं पुसतं, दाब पुसत नाही. समासावर राखाडी ढग पसरत गेला आणि ढगात पांढरे आकडे उगवायला लागले. वाकडे, गोलमटोल, नऊ वर्षांचे.

"बत्तीस," डॉक्टरीणबाईंनी वाचलं. "बारा. साठ."

"माया अर्धा," पोस्टमास्तर म्हणाले.

"माझ्या आईचा अंक आहे हा," टाचणी म्हणाली. खाली वाचनालयात कुणीतरी खुर्ची सरकवली.

"चुकून राहिला असेल माझ्याकडं," वकीलसाहेब म्हणाले.

"चुकून राहिला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि चुकून खोडला?"

पोस्टमास्तरांनी घंटा उचलली, आतली जीभ वाजू नये म्हणून बोटांत धरली, आणि कपाटात ठेवून दिली.

टाचणी अंक घेऊन घरी पळतच गेली. पायऱ्या दोन-दोन उतरली. सगळं साभिनय सांगितलं: आरसा, भिंग, घाम, घंटा. आईनं ऐकून घेतलं. अंक हातात घेऊन आकड्यांवरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा. मग तो कात्रीच्या खणात ठेवला आणि मशीनवरची वही होती तिथंच राहू दिली.

"एवढंच?" टाचणी म्हणाली.

"काजं-बटणं राहिलीत अजून," आई म्हणाली आणि सुईत दोरा ओवला. टाचणीला वाटलं, ती हातातल्या शर्टाबद्दल बोलतेय.

गुरुवारी संध्याकाळी दुकान भरलेलं होतं. गणवेश न्यायला आलेल्या दोन बायका, परकराचं कापड घेऊन बसलेली एक आजी, आणि बाकावर कोपऱ्यावरचा किराणावाला. वकीलसाहेब आले ते दारातच घुटमळले.

"ताई, कोटाचं कापड दिलंय मी. वीस तारखेला सत्कार आहे माझा. जे झालं ते... दुसऱ्या कुणाकडे मी जात नाही, तुम्हाला माहीत आहे."

"या ना साहेब," आई म्हणाली. इतकी गोड की टाचणीनं दोरा तोडता तोडता वर बघितलं. "शिवून देते की. फक्त माप द्यावं लागेल."

"माप? माझं माप तुम्हाला तोंडपाठ आहे!"

"होतं हो." आई बाकावरच्या मंडळींकडे बघून हसली. "आता नाही आठवत. वय झालं की असं होतं."

वकीलसाहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "बरं. मग पडद्यामागं..."

"पडदा धुवायला काढलाय."

दांडी मोकळी होती. सकाळी टाचणीनं दुकान झाडलं तेव्हा पडदा जागेवर होता; आता तो घडी घालून इस्त्रीच्या टेबलावर ठेवलेला होता. न धुतलेला.

"टाचणी, टेप घे. मोठ्यानं सांग गं, मी लिहून घेते." आईनं वहीचं कोरं पान उघडलं.

वकीलसाहेबांनी कोट काढला. आजवर टाचणीनं त्यांना कोटाशिवाय पाहिलं नव्हतं. त्यांच्या कोटात डावीकडेच आई कापसाचे दोन थर का भरते, हे तिनं कधी विचारलंही नव्हतं. आता दिसलं. डावा खांदा मोडक्या हँगरसारखा खाली उतरला होता, आणि त्या बाजूचा हात उगाच लांब वाटत होता.

"छाती चाळीस," तिनं खणखणीत सुरुवात केली. "कंबर अडतीस."

मग ती मागे गेली. टेप मानेशी टेकवला. इस्त्रीच्या कॉलरखाली मान लाल झाली होती आणि तिथली एक शीर थडथडत होती.

"डावा खांदा..." ती पुटपुटली. "पाऊण इंच खाली."

"ऐकू आलं नाही."

"पाऊण इंच खाली."

"कुठला?"

"डावा, आई."

परकरवाल्या आजीनं चष्मा वर केला. वकीलसाहेब समोरच्या भिंतीकडे बघत उभे होते.

आईनं हे तरी लिहून घेतलं का, म्हणून टाचणीनं मान वळवली. पेनाला टोपण लावलेलं होतं. पान मात्र भरलेलं होतं, आईच्या जड हातानं, एकही खाडाखोड नसलेलं: छाती, कंबर, डावा खांदा, त्यापुढं उजवा, बाही, मनगट. टाचणीनं अजून टेपही न लावलेलं सगळं.

"आता उजवा," आई म्हणाली. "मोठ्यानं."