न लिहिलेला टप्पा

पेरुंगुडीच्या आमच्या ऑफिसात परदेशी रुग्णांचे कागद वाचून विम्याच्या बिलांसाठी आजारांचे कोड लावतात. त्या दिवशी माझ्यापुढे एका शिक्षिकेची फाइल होती. डॉक्टरांनी मूत्रपिंडाचा जुना आजार लिहिला होता, टप्पा लिहिलाच नव्हता. मूत्रपिंडं किती काम करतात हे सांगणारा रक्ततपासणीचा आकडा मात्र चौदा; तो नव्वदच्या वर हवा. मी पाचव्या टप्प्याचा, म्हणजे मूत्रपिंडं जवळपास थकल्याचा कोड लावू लागले.

"थांब गं शरण्या," शेजारच्या हेमावतीअक्का म्हणाल्या. "बारशाला नाव कोण ठेवतं?"

"आत्या."

"आणि पाळणा हलवणारी शेजारीण?"

"तिनं गप्प बसायचं," मी हसले. "पण अक्का, माझ्या अजून वीस फाइली राहिल्यात!"

"राहू देत. हा कोड त्या बाईच्या मागं जन्मभर चालेल. टप्पा डॉक्टरांनीच सांगायचा. त्यांना विचार."

विचारलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: "जुलाबांमुळे आकडा तेवढ्यापुरता घसरला होता. आता बावन्न आहे. टप्पा तिसरा. विचारलंत, बरं केलंत."

कधीही न पाहिलेल्या माणसांना बावीस वर्षं असं जपत आलेल्या अक्कांनी ते वाचलं, दहीभाताचा डबा उघडला आणि पहिला घास माझ्यापुढे धरला.

"बघ, आत्या आली, नाव ठेवून गेली."