बॉयलरमागची खोली

"अहो काका, बॉयलर विझवायचाय, झोपवायचा नाही!" मालक म्हणाले.

मी खाली पाहिलं. हातांनी सवयीने निखाऱ्यांवर राख ओढली होती. रोज संध्याकाळी असंच करायचो, म्हणजे सकाळी नव्याने पेटवावं लागत नसे. आता पेटवायचंच नव्हतं. मी राख बाजूला सारली आणि निखारे ओढून घमेल्यात काढले.

आमची लाँड्री इस्पितळांच्या चादरी धुते. तिला लागणारी वाफ मी उभा जन्म कोळशावर काढली. सरकारने धुरावर कर बसवला, कोळसा परवडेना, मालकांनी विजेचा बॉयलर आणला. त्याला बटण आहे. माणूस लागत नाही.

"त्याच्याकडे बघायला तरी ठेवा मला."

"बघायचं काय, काका? तो स्वतःच स्वतःकडे बघतो. माझ्या मेव्हण्यापेक्षा शहाणा आहे." मग त्यांचंच हसू ओसरलं. "तुमची खोली मात्र मला लागेल हो. नव्या बॉयलरची वायरिंग तिथेच येणार. महिनाअखेरपर्यंत राहा."

खोली बॉयलरच्या मागे, धुराड्याला लागून. लग्न झाल्यापासून आम्ही तिथेच. बायको लाँड्रीतच चादरींच्या घड्या घालायची. बॉयलरला ती सवत म्हणायची. "उठा, तुमची धाकटी वाट बघतेय," म्हणून मला पहाटे हलवायची. मग तिला खोकला लागला. डॉक्टर म्हणाले, धुरापासून लांब न्या. लांब कुठे नेणार? मागच्या वर्षी गेली.

दुपारी कर खात्याच्या बाई तपासणीला आल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या. काम गेलेल्यांना या करातून मदत मिळते, नवं काम शिकवतात, असं कानावर आलं होतं. मी त्यांना विचारलं.

"काका, ते खाणीतल्या आणि वीजकेंद्रातल्या कामगारांसाठी आहे. अशा लहान जागा त्यात धरलेल्या नाहीत."

"कोळसा तर तोच ना, बाई?"

"हो, तोच."

"तुमचा कर चुकीचा आहे असं नाही म्हणत मी. माझी बायको ह्याच धुरानं गेली. आधी लावला असता तर... पण मी आता जाऊ कुठे, तेवढं सांगा."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "मी साहेबांना कळवते," म्हणाल्या. बाई भल्या होत्या, कळवतीलही. त्याने काही होणार नाही, हे त्यांनाही दिसत होतं.

मुलीला फोन केला. "सुटलात एकदाचे, बाबा! या इकडेच," ती म्हणाली. मागून जावयांचा आवाज आला, "अगं, पण झोपणार कुठे ते?" तिने फोनवर हात ठेवला असावा, मग काही ऐकू आलं नाही. ती पुन्हा बोलायला लागली तेव्हा मी म्हणालो, "बघतो गं. इथलं आवरू दे आधी."

दुसऱ्या दिवशी भंगारवाल्यांनी धुराडं कापून खाली उतरवलं. मी आत सामान बांधत होतो. खिडकीतून एकदम ऊन आलं. इतक्या वर्षांत या खोलीत कधी ऊन आलं नव्हतं. ते खाटेवर पडलं, भिंतीकडच्या बाजूला, बायको निजायची तिथे. गादी अर्धी गुंडाळून झाली होती. मी दोरी सोडली आणि गादी पुन्हा पसरून ठेवली.