टाकीखालची ओल

माझी मुलगी अँथूला माझ्याच स्वयंपाकघरात उभी राहून माझ्याबद्दल इंग्रजीत बोलते. फोनवर पलीकडे तिचा भाऊ असतो, सिडनीला. तिला वाटतं, दुसरीतून शाळा सुटलेल्या बाईला काय कळणार! ग्रीसमधून इथे ऑस्ट्रेलियात आले आणि बेचाळीस वर्षं मी रेनमार्कच्या शेडमध्ये संत्री भरली, इंग्रज मुकादमांच्या शिव्या खाल्ल्या. इंग्रजी लिहिता येत नसेल, पण कान कुणी काढून नेलेले नाहीत. "आईला आता एकटीला झेपत नाही," असं ती त्याला म्हणाली. मी समोर बसून भेंडी चिरत होते. मान वर केली नाही.

झेपत नाही म्हणजे काय, तर एप्रिलमध्ये मागच्या पायरीवर पडले आणि जुलैमध्ये पावट्याचं भांडं करपवलं. दोन झाल्या. तिसरं काही झालं की घर बंद करायचं आणि अ‍ॅडलेडला तिच्याकडे जायचं, हे तिनं मला न विचारता ठरवून टाकलेलं. खोलीसुद्धा तयार आहे. खिडकी उघडली की शेजाऱ्याच्या गॅरेजची भिंत. म्हणे, "ऊन येत नाही आई, गार राहतं."

ती जाऊन दहा दिवस झाले आणि बुधवारी मला गिझरखाली ओल दिसली. आमची गिझरची टाकी घराच्या मागच्या भिंतीला आहे, माझ्या खांद्याइतकी उंच, सिमेंटच्या ओट्यावर उभी. ओट्याभोवती थाळीएवढं पाणी. पुसलं, दुपारी पुन्हा तेवढंच. संध्याकाळी अँथूलाचा फोन आला आणि मी मूर्खासारखं सांगून बसले. खोटं बोलायची सवय मला नाही, हाच माझा दुर्गुण.

"खालून गळतंय ना? मग टाकी गंजली," ती म्हणाली. "बाबांनी बसवलेली ती. एक दिवस फुटेल आणि तू मागे कपडे वाळत घालत असशील. शनिवारी मी गाडी घेऊन येते. बॅग भरून ठेव."

"टाकी गंजली तर टाकी बदलतात. म्हातारी नाही बदलत."

"आई, प्लीज. शनिवारी."

प्लंबरला फोन केला, तो सोमवारशिवाय येणार नव्हता. म्हणजे शनिवारपर्यंत मी आणि टाकी. टाकी खरंच सडली असेल तर अँथूलाच्या हातात तिसरी गोष्ट आली. सडली नसेल तर मला ते दाखवता आलं पाहिजे. नुसतं बोलून ती ऐकत नाही. माझ्यावर गेली आहे.

शुक्रवारी सकाळी मीटरच्या पेटीतला गिझरचा खटका पाडला. टाकी वरून खालपर्यंत जुन्या चादरीनं कोरडी केली. मग चर्चमधून येणारा ग्रीक पेपर घेतला, त्याच्या लांब पट्ट्या फाडल्या आणि चिकटपट्टीनं लावल्या. एक अगदी खाली, एक मधे, एक वर व्हॉल्व्हच्या भोवती. पाणी खाली दिसतं म्हणून ते खालचंच असतं असं नाही. छत गळतं एकीकडे आणि डाग पडतो दुसरीकडे, हे कुणालाही माहीत आहे. खटका चालू केला आणि भेंडीच्या रोपांना माती लावत बसले.

दुपारी पाहिलं तर खालची पट्टी कोरडी. मधली एका कडेनं भिजलेली. वरची पार लगदा. त्यावरच्या कुणाच्यातरी आत्महत्येच्या बातमीसकट विरघळली होती. म्हणजे पाणी वरून येत होतं आणि बाहेरच्या पत्र्याच्या आतून उतरून खाली दिसत होतं. टाकी धड होती! मी तिथेच तिला एक थाप मारली, घोडीला मारतात तशी.

मग व्हॉल्व्ह. त्याला एक छोटी दांडी आहे. पाणी तापलं की फुगतं आणि जास्तीचं पाणी त्या व्हॉल्व्हमधून तांब्याच्या नळीवाटे खाली बादलीत ठिबकतं. दिवसाला अर्धी बादली. ती मी लिंबाला घालते. माझा नवरा थानासिस वर्षातून दोनदा ती दांडी उचलायचा, आत क्षार धरू नये म्हणून. एकदा एप्रिलात संत जॉर्जच्या दिवशी, एकदा ऑक्टोबरात संत दिमित्रीच्या. ग्रीसमधल्या त्याच्या डोंगरातल्या गावी धनगर त्याच दोन दिवशी कळप वर न्यायचे आणि खाली आणायचे. मेंढ्या तिकडेच राहिल्या, दिवस तेवढे आमच्याबरोबर आले. तो गेल्यापासून चार वर्षं ती दांडी कुणी उचलली नव्हती. मीही नाही. त्याच्या हाताची जागा होती ती. मला तिथे हात लावावासा वाटत नव्हता. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

खटका पुन्हा पाडला, थंड पाण्याचा कॉक बंद केला आणि दांडी उचलली. नळीतून धार यायला हवी होती. थेंब नाही. उलट दांडीच्या बुडातून फुस्स करून वाफाळतं पाणी उडालं आणि माझी बाही भिजली. म्हणजे नळी बंद.

वाकून पाहिलं. नळीच्या तोंडात बूच. दारूच्या बाटलीचं बूच सुरीनं तिरपं तासून, मेण लावून ठोकलेलं. आमच्याकडे घरच्या दारूच्या पिंपाची तोटी गळायला लागली की असंच बूच मारतात. थानासिस डावीकडून तासायचा, कारण तो डावखुरा. हे बूचही डावीकडून तासलेलं. या घरात दुसरं डावखुरं माणूस एकच.

मला आधी हसू आलं. मग मी उलट्या बादलीवर बसले. बारा दिवस ती टाकी तापत होती आणि तिला श्वास सोडायला जागा नव्हती. आणि आज सकाळी खटका चालू करून मी तिच्या शेजारीच भेंडीशी बोलत बसले होते.

आणि बादली? बादली बारा दिवस कोरडी होती. मी रोज पाहत होते. 'बरं झालं, थांबलं एकदाचं' म्हणून खूश होत होते, आणि लिंबाला नळाचं पाणी घालत होते. अँथूलानं बूच मारलं हे खरं, पण डोळे माझेही उघडेच होते.

न्हाणीतला गरम नळ सोडला, दाब उतरू दिला, पाणी निवेपर्यंत थांबले. मग बाटली उघडायचा स्क्रू आणला आणि बूच ओढून काढलं. फुगून दुप्पट झालं होतं.

शनिवारी अँथूला आली. तोंडाआधी गाडीची डिकी उघडली. मी तिला मागे नेलं. पट्ट्या दाखवल्या, कोरडी, भिजलेली, लगदा. मग बूच तिच्या तळहातावर ठेवलं.

ती बघतच राहिली. "ते... ते मी मारलं होतं. गेल्या वेळी."

"माहीत आहे."

"आई, थेंब थेंब पाणी जात होतं. मला बघवेना. मला वाटलं, तुझं लक्ष नाही."

"ती नळी थेंब सोडायलाच आहे."

"मला काय माहीत? दुष्काळात मी नळ नीट बंद केला नाही म्हणून तू मला थोबाडीत मारली होतीस. सात वर्षांची होते. तेव्हापासून ठिबकणारं काही दिसलं की माझे हात शिवशिवतात!"

हे खोटं नव्हतं. त्या वर्षी नदीतून पाणी मिळत नव्हतं, अर्धी बाग वाळली होती, आणि माझा हात फार लवकर उठायचा.

ती ओट्यावर बसली. "फुटली असती तर?"

"असती."

"तू इथे असतीस तर?"

"असते. मी इथेच असते."

ती रडायला लागली. मग म्हणाली, "चुकून झालं गं. कुणाच्याही हातून होईल. पण तरी तू चल. हे सगळं तुझ्या वयात..."

मी नळीखाली बादली सरकवली. खटका चालू होता, नळी ठिबकत होती. व्हॉल्व्ह जुना झालाय, सोमवारी प्लंबर नवा बसवेल. ती डोळे पुसत माझ्याकडे बघत होती, म्हणून मी तिच्या समोर उभी राहिले आणि माझ्या भाषेत, ग्रीकमध्ये, तिला नीट ऐकू जाईल असं बोलले.

"अँथूला, बूच मारलंस ही चूक तुझी. कोरडी बादली बघून खूश झाले ही चूक माझी. आणि ती थोबाडीतही माझीच, ती मी आज मान्य करते. पण तुझ्या हातून झालं की ते 'चुकून', आणि माझ्या हातून झालं की ते 'वय', हे या घरात चालणार नाही. मी कुठेही येत नाही. डिकी बंद कर, आत चल आणि जेव."